एका रेणूची अनेक सोंगे

१९९६ च्या मार्च महिन्यात अमेरिकेत रिटोनाविर या औषधाला मान्यता मिळाली. एड्सच्या विषाणूला आवर घालणाऱ्या सुरुवातीच्या प्रभावी औषधांपैकी ते एक. ॲबट कंपनीने ते ‘नॉरव्हिर’ या नावाने कॅप्सूलमध्ये बाजारात आणले आणि दोन वर्षे सारे सुरळीत चालले. १९९८ च्या उन्हाळ्यात मात्र कारखान्यातून निघणाऱ्या कॅप्सूल विरघळण्याच्या चाचणीत नापास होऊ लागल्या. कच्चा माल तोच, कृती तीच, यंत्रे तीच. रासायनिक विश्लेषणात रेणूही तोच निघाला. फरक सापडला तो सूक्ष्मदर्शकाखाली आणि क्ष-किरणांच्या आलेखात. कॅप्सूलच्या आत रिटोनाविरचे रेणू आजवर कोणीही न पाहिलेल्या पद्धतीने रचले जाऊन त्यांचे वेगळेच स्फटिक बनले होते. हे नवे रूप जुन्यापेक्षा फारच कमी विरघळत होते, म्हणजे पोटात जाऊनही रक्तात पुरेसे उतरणार नव्हते. कंपनीचे शास्त्रज्ञ चौकशीसाठी इटलीतल्या कारखान्यात गेले; तोवर निर्वेध असलेल्या त्या कारखान्यातही भेटीनंतर नवे रूप दिसू लागले. कपड्यांवर, उपकरणांवर बसलेला डोळ्यांना न दिसणारा कण बियाण्यासारखे काम करायला पुरेसा असतो. अखेर कॅप्सूल बाजारातून काढून घ्याव्या लागल्या आणि औषधाची मांडणी नव्याने होईपर्यंत रुग्णांना वाईट चवीच्या द्रवरूप औषधावर दिवस काढावे लागले.

एकाच पदार्थाचे रेणू घनरूपात एकाहून अधिक पद्धतींनी रचले जाणे, याला बहुरूपता म्हणतात. नाव अगदी चपखल आहे. गावात येणारा बहुरूपी आज पोलीस होतो, उद्या साधू. माणूस एकच, सोंग वेगळे, आणि सोंगाप्रमाणे त्याचे वागणेही वेगळे. रेणूचेही तसेच. मांडणी बदलली की वितळण्याचा बिंदू बदलतो, घनता बदलते, कठीणपणा बदलतो, पाण्यात विरघळण्याचा वेग बदलतो, कधी रंगसुद्धा बदलतो. ओलान्झापिन या औषधाच्या निर्मितीत मधल्या टप्प्यावर तयार होणाऱ्या एका संयुगाला शास्त्रज्ञांनी रंगांच्या इंग्रजी नावांच्या आद्याक्षरांवरून ‘रॉय’ असे टोपणनाव दिले आहे, कारण त्याचे स्फटिक लाल, नारिंगी आणि पिवळे अशा निरनिराळ्या रंगांत मिळतात. त्याची डझनभर रूपे आजवर नोंदली गेली आहेत. कोणते सोंग केव्हा आणले जाते, हा प्रश्न म्हणून औषधशास्त्रात कुतूहलापुरता राहत नाही. त्याचे नेहमीचे उत्तर असे दिले जाते की, तापमान आणि दाब हे ठरवतात. ते खरे आहे, पण अर्धेच. तापमान आणि दाब यांनी कोणत्या रूपाचा हक्क आहे हे ठरते; प्रत्यक्षात कोणते रूप गादीवर बसते हे मात्र पदार्थ तिथवर कोणत्या वाटेने आला, यावर ठरते. औषध हे नुसते रेणूचे नाव नसते, त्यात रेणूची मांडणी आणि त्या मांडणीचा इतिहास हेही धरावे लागतात. ही गोष्ट औषध बाजारात येण्याआधी तपासली नाही, तर ती नंतर रुग्णाच्या खर्चाने तपासली जाते.

सेंद्रिय पदार्थातली बहुरूपता प्रथम नोंदली गेली ती १८३२ साली. लीबिग आणि व्होलर या दोन जर्मन रसायनज्ञांनी बेंझामाइडचे उकळते द्रावण थंड होऊ दिले. भांडे आधी रेशमासारख्या बारीक सुयांनी भरून गेले, मग काही काळाने त्या सुया आपोआप नाहीशा होऊन त्यांच्या जागी टपोरे स्फटिक आले. त्या क्षणभंगुर सुयांची आतली रचना उलगडायला एकविसावे शतक उजाडावे लागले. १८९७ मध्ये विल्हेल्म ओस्टवाल्ड यांनी अशा अनुभवांवरून एक ठोकताळा मांडला: पदार्थ बहुधा सर्वांत स्थिर रूपात एकदम उडी मारत नाही, आधी जवळचे, कमी स्थिर रूप घेतो आणि मग टप्प्याटप्प्याने खाली उतरतो. हा नियम अपवादांनी भरलेला आहे, तरी त्यातले मर्म स्वयंपाकघरातही दिसते. कढवलेले तूप ओट्यावर सावकाश निवू दिले तर रवाळ होते. तेच तूप गरम असतानाच फ्रिजमध्ये ठेवले तर रवा धरत नाही, गुळगुळीत आणि चिकट गोळा होतो. तूप एकच आणि शेवटचे तापमानही हवे तर एकच ठेवा. तिथवर उतरण्याचा वेग वेगळा, म्हणून स्फटिक वेगळे. तुपात हा प्रश्न चवीचा असतो, औषधात मात्र तो मात्रेचा होतो.

तापमान आणि दाब नेमके काय करतात, हे समजून घ्यायला रेणूंच्या मांडणीवर तीन मागण्या एकाच वेळी लादल्या जातात असे समजावे. पहिली मागणी आकर्षणाची: शेजाऱ्यांशी जितके बळकट बंध जुळतील तितके बरे. दुसरी मोकळेपणाची: रेणूंना थरथरायला, किंचित हलायला जितकी मुभा तितके बरे. या मोकळेपणाला भौतिकशास्त्रात एन्ट्रॉपी म्हणतात आणि तिचे वजन तापमानाबरोबर वाढत जाते. तिसरी मागणी जागेची: जितकी कमी जागा व्यापली जाईल तितके बरे, आणि या मागणीचे वजन दाबाबरोबर वाढते. थंडीत आकर्षणाचे पारडे जड असते, म्हणून घट्ट बांधलेले रूप जिंकते. तापमान चढत गेले की सैलसर रूपाचा मोकळेपणा मोलाचा ठरतो आणि एका विशिष्ट तापमानाला पारडे फिरते. दाब वाढवला की याच्या उलट दिशेने ओढ लागते आणि दाटीवाटीने बसलेले, अधिक घनतेचे रूप वर येते. काही पदार्थांत दोन रूपांमध्ये असा अदलाबदलीचा बिंदू वितळण्याच्या आधीच येतो, काहींत तो येतच नाही आणि एक रूप सर्व तापमानांना दुसऱ्यापेक्षा वरचढ राहते. तापमान आडव्या रेषेवर आणि दाब उभ्या रेषेवर घेऊन प्रत्येक रूपाची हद्द आखली की त्या औषधाचा नकाशा तयार होतो.

या नकाशावर दाबाला खरोखर किती किंमत द्यायची, हे हिशेबाने पाहू. आपल्या घराघरांतल्या पॅरासिटामॉलची दोन रूपे चांगली अभ्यासलेली आहेत. बाजारात मिळते ते पहिले रूप. त्याची घनता सुमारे १.२९ ग्रॅम प्रति घन सेंटीमीटर, तर दुसऱ्या रूपाची सुमारे १.३४. एक मोल, म्हणजे जवळपास १५१ ग्रॅम, पॅरासिटामॉल घेतले तर दोन रूपांनी व्यापलेल्या जागेत चारेक घन सेंटीमीटरचा फरक पडतो. नेहमीच्या वातावरणीय दाबाखाली या फरकाची ऊर्जा अर्ध्या जूलहून कमी भरते, म्हणजे नगण्य. पण दाब एक गिगापास्कल, म्हणजे सुमारे दहा हजार वातावरणे इतका केला की तोच चार घन सेंटीमीटरचा फरक चार हजार जूलांचा होतो. औषधांच्या दोन रूपांमधला ऊर्जेचा फरक बहुतेक वेळा मोलमागे काही हजार जूलच असतो. म्हणजे एवढा दाब पारडे फिरवायला पुरेसा आहे. पॅरासिटामॉलचे दुसरे रूप अधिक घन असूनही सामान्य परिस्थितीत कमी स्थिर आहे. पहिल्या रूपात हायड्रोजन बंध अधिक सोयीने जुळतात आणि ते जागेच्या उधळपट्टीची भरपाई करतात. सामान्य दाबाखाली ही उधळपट्टी परवडते. दाब वाढला की परवडत नाही.

कागदावरचा हा हिशेब प्रयोगात उतरवणारे उपकरण तळहातावर मावते. दोन हिरे टोकाला टोक लावून समोरासमोर धरायचे, मध्ये धातूची पातळ चकती ठेवायची आणि तिच्यात मिलिमीटरच्या अंशाएवढे भोक पाडायचे. त्या भोकात औषधाच्या द्रावणाचा थेंब आणि माणकाचा एक कण टाकायचा. स्क्रू आवळत गेले की हिऱ्यांची टोके जवळ येतात आणि थेंबावरचा दाब हजारो वातावरणांवर जातो. माणकातून निघणाऱ्या प्रकाशाचा रंग किती सरकला यावरून तो मोजला जातो. हिरे पारदर्शक असल्यामुळे सारे सूक्ष्मदर्शकाखाली डोळ्यांदेखत घडते. दाब वाढताच थेंबात बारीक स्फटिकांची गर्दी होते. मग उपकरण हळूहळू तापवायचे. स्फटिक एकेक करून विरघळत जातात. शेवटचा एकच उरला की तापवणे थांबवायचे आणि सावकाश निववायचे, म्हणजे तो एकटा वाढून भोक भरून टाकतो. मग हिऱ्यांच्या आत असतानाच त्याच्यावर क्ष-किरण सोडून रेणूंची मांडणी वाचता येते. एडिनबरा विद्यापीठातल्या संशोधकांनी २००३ च्या सुमारास याच रीतीने पॅरासिटामॉलचे इथेनॉलमधले द्रावण १.१ गिगापास्कल दाबाखाली स्फटिकवले, आणि निघाले ते दुसरे, अधिक घन रूप. मिथेनॉलमधून कमी दाबाला वाढवले तेव्हा तर मिथेनॉलचे रेणू पोटात घेतलेला एक वेगळाच स्फटिक हाती लागला. इथेनॉलमध्ये मात्र नकाशाने वर्तवलेले घडले होते.

इथे एक रास्त आक्षेप येतो. दाबाने पारडे फिरत असेल, तर पॅरासिटामॉलचा तयार स्फटिक नुसता दाबला तरी त्याचे दुसरे रूप व्हायला हवे. पण तसे होत नाही. पहिल्या रूपाचा अखंड स्फटिक कित्येक गिगापास्कलपर्यंत दाबला तरी आपली मांडणी सोडत नाही; भुकटी दाबली तर थोडेफार रूपांतर होते, पण दर वेळी सारखे नाही. ग्लायसीन या साध्या अमिनो आम्लाचे उदाहरण त्याहून बोलके आहे. त्याचे बीटा हे नाजूक रूप पाऊण-एक गिगापास्कललाच नव्या रूपात जाते. अल्फा हे रूप मात्र २३ गिगापास्कलपर्यंत दाबूनही बदलले नाही. हे निरीक्षण मुंबईच्या भाभा अणुसंशोधन केंद्रातल्या शास्त्रज्ञांनी रामन वर्णपटाच्या साहाय्याने २००३ साली प्रसिद्ध केले. मग नकाशा खोटा ठरतो का? नाही. नकाशा फक्त कोणती जागा खोलवर आहे ते सांगतो; तिथे पोहोचण्यासाठी मध्ये कोणता घाट ओलांडावा लागेल, हे सांगत नाही. मावळातून कोकणात उतरायचे तर कोकण कितीही खाली असले तरी आधी खिंड चढावी लागते. घन स्फटिकात रेणू एकमेकांना जखडलेले असतात. मांडणी बदलायची तर जुने बंध तोडून, वळून, सरकून नवे जुळवावे लागतात, आणि दाब त्यांना उलट अधिकच जखडतो. द्रावणात रेणू सुटे असतात, त्यांना लागणारी खिंड बरीच ठेंगणी असते. म्हणून एकाच दाबाला तयार स्फटिक हट्टाने जुने रूप धरून बसतो आणि शेजारचे द्रावण नवे रूप देते.

तापमानाच्या बाबतीतही हाच घाट आडवा येतो. कार्बामाझेपिन हे फेफऱ्यावरचे औषध. खोलीच्या तापमानाला त्याचे तिसरे रूप सर्वांत स्थिर. साधारण ७० अंश सेल्सिअसच्या वर पारडे पहिल्या रूपाकडे झुकते. पण प्रयोगशाळेत नेहमीच्या वेगाने तापवले तर तिसरे रूप ७० अंशांना काहीच हालचाल करत नाही. दीडशे अंश ओलांडल्यावर कुठे ते बदलू लागते, नाहीतर १७५ अंशांच्या आसपास वितळून मग नव्या रूपात गोठते. म्हणजे हद्द एके ठिकाणी आणि प्रत्यक्ष ओलांडणी त्याहून शंभरेक अंश पुढे. उलट दिशेनेही तेच: गरम करून मिळवलेले रूप थंड केल्यावर लगेच परतत नाही, महिनोन् महिने तसेच टिकून राहू शकते. अंगठीतला हिरा हे याचे सर्वांत परिचित उदाहरण. सामान्य परिस्थितीत कार्बनचे स्थिर रूप ग्रॅफाइट आहे, पण हिऱ्याला तिकडे जायला वाट मिळत नाही, म्हणून तो पिढ्यान्पिढ्या हिराच राहतो. औषधनिर्मितीतली बरीच रूपे अशीच वाट न मिळाल्यामुळे टिकलेली असतात. त्यांचे टिकणे उपयोगाचे असते. फक्त कोणत्या धक्क्याने ती वाट उघडेल, हे माहीत असावे लागते.

दुसरा आक्षेप व्यवहारी माणसाचा: हिऱ्यांच्या चिमट्यातले गिगापास्कल प्रयोगशाळेपुरते ठीक, औषधाच्या गोळीशी त्यांचा संबंध काय? संबंध अगदी जवळचा आहे. गोळी बनते ती दाबूनच. टॅब्लेटच्या यंत्रात डाय नावाच्या साच्यात भुकटी पडते, वरून आणि खालून पोलादी पंच येतात आणि सेकंदाच्या लहानशा अंशात तिची गोळी करून बाजूला होतात. त्या क्षणी भुकटीवर साधारण १०० ते ३०० मेगापास्कल, म्हणजे हजार ते तीन हजार वातावरणे इतका दाब असतो. प्रशांत महासागरातल्या मारियाना गर्तेच्या तळाशी, जवळजवळ ११ किलोमीटर पाण्याखाली, सुमारे अकराशे वातावरणांचा दाब आहे. म्हणजे डोकेदुखीची साधी गोळीसुद्धा जन्मतः जवळपास तेवढा किंवा त्याहूनही अधिक दाब सोसून येते. शिवाय हा दाब सरासरीचा. भुकटीतले कण एकमेकांना फक्त काही टोकांशी स्पर्श करतात, त्या स्पर्शबिंदूंवर तो कित्येक पटींनी एकवटतो आणि घर्षणाने तिथे ऊबही निर्माण होते. दळतानाही हेच घडते. कॅफीनचे सुमारे १४० अंशांच्या वर स्थिर असलेले रूप थंड करून खोलीच्या तापमानाला टिकवता येते. पण ते दळले किंवा दाबून गोळी केली की त्याचा काही भाग स्थिर रूपाकडे वळतो. क्लोरप्रोपामाइड या मधुमेहावरच्या जुन्या औषधाची रूपे गोळी दाबताना अंशतः एकमेकांत बदलतात, हेही दाखवून दिले गेले आहे. म्हणजे तापमानाने अडवलेली वाट यंत्राच्या एका ठोक्याने मोकळी होऊ शकते.

दाबाचा दुसराही व्यावहारिक अर्थ आहे. पॅरासिटामॉलच्या पहिल्या रूपातले रेणूंचे थर नागमोडी, एकमेकांत अडकलेले असतात. दाबल्यावर ते सरकत नाहीत, ताणून धरतात, आणि पंच उचलताच गोळीच्या डोक्याची चकती सुटून येते. कारखान्यात याला ‘कॅपिंग’ म्हणतात आणि ते टाळायला भुकटीत बाइंडर घालावे लागते. दुसऱ्या रूपातले थर सपाट असतात, पत्त्यांच्या जोडासारखे एकमेकांवरून घसरतात, म्हणून ते दाबून छान घट्ट गोळी होते. असे असूनही जगभर गोळ्या पहिल्याच रूपाच्या बनतात, कारण दुसरे रूप बनवणे आणि टिकवणे दोन्ही जिकिरीचे आहे. एकच रेणू, पण यंत्राला एक रूप सोयीचे आणि साठवणुकीला दुसरे. निवड करताना नुसता वितळण्याचा बिंदू पाहून भागत नाही, हे यावरून कळते.

मग तिसरा आक्षेप स्वाभाविक आहे: ही सारी गुंतागुंत टाळून सर्वांत स्थिर रूप निवडावे आणि निश्चिंत व्हावे. बहुतेक औषधांत असेच करतात आणि बहुधा ते बरोबरच असते. पण या सल्ल्यात दोन पेच दडलेले आहेत. पहिला असा की, सर्वांत स्थिर रूप बहुधा सर्वांत कमी विरघळणारे असते, कारण घट्ट जुळलेले रेणू सुटायला तयार नसतात. क्लोरॅम्फेनिकॉल पामिटेट या प्रतिजैविकाच्या बाबतीत १९६० च्या दशकातच हे दिसून आले: त्याच्या स्थिर रूपातून औषध शरीरात नीट शोषले जात नाही, तर कमी स्थिर रूपातून ते पुरेसे मिळते. म्हणून अशा औषधात कमी स्थिर रूपच मुद्दाम निवडून सांभाळावे लागते. दुसरा पेच अधिक अवघड: सर्वांत स्थिर रूप कोणते, हे आपल्याला ठाऊक झाले आहे असे केव्हा म्हणायचे? रिटोनाविरचे पहिले रूप हेच एकमेव आहे, असे सगळे समजत होते. पार्किन्सन रोगावरच्या रोटिगोटिनच्या त्वचेवर चिकटवायच्या पट्ट्या अमेरिकेत २००७ मध्ये विक्रीला आल्या. वर्षभरात त्यांच्यात हिमकणांसारखे स्फटिक उमटू लागले. औषधाचे तोवर न दिसलेले, अधिक स्थिर रूप तिथे जन्माला आले होते. पट्ट्या तिथल्या बाजारातून काढल्या गेल्या आणि नव्या मांडणीसह २०१२ मध्येच परतल्या. रिटोनाविरचे तर तिसरे रूप वितळलेल्या औषधातून २०२२ साली सापडले, म्हणजे दुसऱ्या रूपाने हाहाकार माजवल्यावर चोवीस वर्षांनी, आणि तेही जगातल्या सर्वांत बारकाईने तपासल्या गेलेल्या औषधांपैकी एकात. ‘आम्हाला आणखी रूपे सापडली नाहीत’ या वाक्याचा अर्थ ‘आम्ही एवढ्याच वाटा चालून पाहिल्या’ इतकाच असतो.

म्हणूनच वाटा वाढवणे हा उपाय आहे, आणि त्यांपैकी सर्वांत दुर्लक्षित वाट दाबाची. औषधकंपन्या नवीन रेणू हाती आला की निरनिराळे द्रावक, निरनिराळी तापमाने, थंड करण्याचे निरनिराळे वेग वापरून शेकडो प्रयोग करतात. दाब मात्र बहुधा एक वातावरण इतकाच राहतो, कारण तो आपोआप मिळतो. म्हणजे नकाशाच्या एका अक्षावर आपण लांबवर हिंडतो आणि दुसऱ्या अक्षावर उंबऱ्याबाहेर पाऊल टाकत नाही. डॅलसेट्रापिब या कोलेस्टेरॉलवरच्या प्रायोगिक औषधाच्या अभ्यासात, २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनात, हे पाऊल टाकले गेले. हा रेणू लवचिक, दहा ठिकाणी वळू शकणारा. संगणकाने त्याच्या संभाव्य मांडण्यांची ऊर्जा मोजली तेव्हा दोन मांडण्या अशा निघाल्या की त्या प्रत्यक्षात सापडल्या नव्हत्या, पण ज्ञात रूपांहून अधिक स्थिर असण्याची शक्यता होती. रिटोनाविरसारखा प्रसंग पुन्हा घडायला एवढी शंका पुरेशी आहे. हिशेबाने सुचवले की दाबाखाली ही रूपे वर यावीत. संशोधकांनी ०.०२ ते ०.५ गिगापास्कल या पट्ट्यात द्रावण स्फटिकवले, आणि दोनपैकी एक रूप खरोखरच प्रकट झाले. ते सामान्य दाबाला कमी स्थिर निघाले, म्हणजे बाजारात गेल्यावर अचानक उपटून घात करील ही धास्ती दूर झाली. हा दाबाचा पट्टा पाहण्यासारखा आहे: टॅब्लेटचे यंत्र ज्या दाबाने गोळी ठोकते, तो याच्याच मध्ये पडतो.

काही टीकाकार म्हणतात की रूपांचा हा सारा खटाटोप पेटंटची मुदत लांबवण्यासाठी आहे. ही टीका निराधार नाही. जुन्या रेणूचे नवे रूप शोधून त्यावर नवे पेटंट घ्यायचे, हा खेळ जगभर चालला आहे. भारतात २००५ साली पेटंट कायद्यात झालेल्या दुरुस्तीने कलम ३(ड) मध्ये याला अटकाव केला: ज्ञात पदार्थाचे नवे स्फटिकरूप, परिणामकारकतेत लक्षणीय फरक नसेल तर, तोच पदार्थ मानावे. याच कलमाच्या आधारे १ एप्रिल २०१३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने नोव्हार्टिस कंपनीचा रक्ताच्या कर्करोगावरच्या इमॅटिनिब मेसिलेटच्या बीटा स्फटिकरूपावरचा दावा फेटाळला. अधिक चांगले ओघळणे, अधिक उष्मागतिक स्थिरता, हवेतला ओलावा कमी शोषणे हे गुण मान्य करूनही ते रोग बरा करण्याच्या परिणामकारकतेत मोडत नाहीत, असे न्यायालयाने म्हटले. या निकालाने रूपाला महत्त्व नाही असे सिद्ध होत नाही. ते महत्त्व मक्तेदारी देण्याइतके नाही, एवढेच सिद्ध होते. स्वस्त जेनेरिक औषध बनवणाऱ्यालाही योग्य रूप निवडावे लागते, ते दळताना, वाळवताना, दाबताना टिकवावे लागते आणि क्ष-किरणांच्या आलेखाने पडताळावे लागते. न्यायालयाने बाजूला ठेवलेले तेच गुण कारखान्यात मात्र रोज मोजावे लागतात.

आपल्यासारख्या उष्ण देशात तर हे मोजणे अधिकच निकडीचे. नव्या औषधाचे टिकाऊपण तपासताना ते ४० अंश तापमान आणि ७५ टक्के आर्द्रतेत सहा महिने ठेवतात. भारतातल्या दीर्घकालीन चाचणीसाठी ३० अंश आणि ७० टक्के आर्द्रता धरली जाते. कोकणातला पावसाळा यांतल्या आर्द्रतेच्या आकड्यांना आणि विदर्भातला मे महिना तापमानाच्या आकड्यांना सहज मागे टाकतो. ओलावा हा तिसरा खेळाडू आहे. तो रेणूंना थोडी सुटका देतो आणि अडलेली वाट मोकळी करतो. कार्बामाझेपिनच्या गोळ्या दमट हवेत ठेवल्या तर त्यात पाण्याचे रेणू सामावलेले रूप तयार होते, गोळी कडक होते आणि तिची परिणामकारकता एक तृतीयांशापर्यंत घटू शकते, असा इशारा अमेरिकेच्या औषध प्रशासनाने १९९० मध्ये दिला होता. फेफऱ्याच्या रुग्णाला मात्रेतली एवढी घट झटका येण्यास पुरेशी असते. कारखान्यात दाबाची आणि तापमानाची काळजी घेतली जाईल, पण गोळीच्या प्रवासातला शेवटचा टप्पा आपल्या घरात असतो.

म्हणून एवढे पाळावे. गोळ्या पाकिटातून काढून उघड्या डबीत भरून ठेवू नयेत, न्हाणीघरातल्या कपाटात किंवा गॅसच्या शेगडीजवळ ठेवू नयेत, उन्हात उभ्या गाडीत विसरू नयेत. आणि ज्या औषधावर ‘फ्रिजमध्ये ठेवा’ असे लिहिलेले नाही, ते हौसेने फ्रिजमध्येही ठेवू नये, कारण फ्रिजमधून वारंवार बाहेर काढलेल्या पाकिटावर दव धरते. पाकिटावर बारीक अक्षरात ‘३० अंश सेल्सिअसखाली, कोरड्या जागी ठेवावे’ असे छापलेले असते. ते वाचावे आणि तंतोतंत पाळावे. आतल्या रेणूचे नाव पाकिटावर ठळक छापलेले असते. त्याने कोणते सोंग घेतले आहे ते कुठेच छापलेले नसते, आणि ते सोंग टिकवण्यासाठीच ती बारीक ओळ तिथे दिलेली असते.